वैशूच्या फोनमधलं ‘अभिनंदन’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — कुणास ठाऊक! पण तोंड उघडलंच आहे, तर ऐका.

चाकणला आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. एकच कंपनी, चौघी कॉन्ट्रॅक्टवर. लाइनवर फोन चालत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा. शिफ्ट सुटून हातात आला की नुसता मेसेजचा सुळसुळाट — लोन मंजूर, रमी खेळा, रावेतला टू बीएचके बुक करा! अहो, एका पंख्याखाली चौघी झोपणाऱ्या आम्ही, आम्हाला कसला टू बीएचके? मग सुट्टीच्या दिवशी सगळ्या आपापले फोन माझ्यापुढे टाकायच्या. आणि काय मजा यायची म्हणून सांगू! दिसला की पूस, पाठवणारा ब्लॉक, चल पुढचा! वाचायचं कशाला? ‘अभिनंदन’ दिसलं की समजायचं, गंडवायला आलाय. पोरी टाळ्या पिटायच्या, मी आणखी चेकाळायचे.

वैशूचा फोनही असाच धडाधड साफ केला. आम्हा चौघींतली वैशू बीडची, लाइनवर माझ्या शेजारी उभी राहायची. कामाला तिचा हात माझ्यापेक्षा चपळ — हे मला तेव्हाही माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा हं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली आणि माझ्या फोनवर मेसेज. ‘अभिनंदन!’ पुसणारच होते — तेवढ्यात कंपनीचं नाव दिसलं. परमनंटसाठी मुलाखत! उद्या सकाळी! अगं आई गं, उडीच मारणार होते मी! आणि मग आठवलं. हेच नाव, हाच पहिला शब्द. काल. वैशूच्या फोनमध्ये. मीच ब्लॉक केलेला.

वैशू शेजारीच लॉकरमधून डबा काढत होती. एक वाक्य बोलायचं होतं — एकच ना? तुलाही आलाय गं, माझ्या हातून पुसला गेला. ती चिडलीसुद्धा नसती. अजून वेळ होता. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, उद्या सुट्टी टाकतेय, देहूला मावशीकडे जायचंय.

चूक म्हणाल? पुसला, ती चूक. पण गप्प बसले ती चूक नव्हती. दोघींतली एकच घेतली तर तिलाच घेतील, हे ओळखून मी गप्प बसले.

मी परमनंट झाले. माझ्यापेक्षा वैशूच जास्त नाचली! पेढे तिनेच आणले, लाइनभर तिनेच वाटले. आपल्याला बोलावलंच नाही, म्हणजे आपलंच काम कमी पडलं असं ती धरून चालली. पुढे तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. आता दुसऱ्या कंपनीत आहे — तिथंही कॉन्ट्रॅक्टवरच.

गेल्या रविवारी घरी आली होती. चहा पिता पिता फोन माझ्याकडे सरकवला.

“तेवढे मेसेज पूस की गं. तुझ्यावाणी दुसऱ्या कुणाला जमत न्हाई.”

मी पुसत बसले. या वेळी मात्र एकेक वाचून.