टेबलाखालची मुलगी

आमच्या बालवाचनालयात पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंना मुलं डिंकमावशी म्हणायची, तेही तोंडावर. त्याचं त्यांना काही वाटत नसे. एरवी मात्र त्या नाकावर माशी बसू देत नसत. एकतीस वर्षं मागच्या खोलीत एकाच खिडकीपाशी बसून त्यांनी फाटकी पानं जोडली, उसवलेले गठ्ठे शिवले आणि पेन्सिलीच्या रेघोट्या पुसल्या. पुसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मऊ खोडरबर गोल गोल फिरवायचा, चुरा कुंच्याने झाडायचा, मग पान उजेडात तिरपं धरून एक डोळा मिटून बघायचं. "पुस्तकाला काय झालं होतं ते पुढच्या पोराला कळता कामा नये," असं त्या म्हणायच्या. मी देवघेवीच्या टेबलावर बसायचो आणि आल्यागेल्याला त्यांचं काम कौतुकाने दाखवायचो.

ज्या पुस्तकाची ही गोष्ट, ते माझ्याच हट्टाने आलं. त्यात एका घरातले बाबा संतापले की वस्तू फेकतात, आई बोलेनाशी होते आणि दोघं भाऊ पावलांच्या आवाजावरून बाबांचा राग ओळखायला शिकतात. मुलांसाठीच लिहिलेली गोष्ट, पण कुठे गुळमुळीतपणा नाही. एक गृहस्थ माझ्याशी भांडायला आले. "असलं मुलांच्या हातात देता?" मी म्हणालो, "असलं मुलांच्या घरात असतं." त्यांनी माझी तक्रार केली, ते असो. शेवटच्या पानावर बाबा माफी मागतात आणि चौघं टेबलाभोवती जेवायला बसतात, असं मोठं चित्र होतं.

पुस्तक पहिल्यांदा दुरुस्तीला गेलं तेव्हा त्या चित्रात टेबलाखाली पेन्सिलीने एक मुलगी काढलेली होती. गुडघे पोटाशी घेतलेली, डोळे मोठे. "काय एकेक कार्ट्यांचे उद्योग," म्हणत मावशींनी ती पुसून टाकली.

महिन्याभराने मुलगी परत आली. या वेळी टेबलाच्या पार मागच्या पायाशी, आधीपेक्षा लहान, दोन्ही हात तोंडावर दाबलेले. मावशींनी तिलाही पुसलं.

तिसऱ्या वेळी टेबलाखाली काहीच नव्हतं. मावशी पुस्तक मिटणार, तोच थांबल्या. चित्रात मागे एक कपाट होतं. त्याच्या दारात पेन्सिलीने बारीक फट पाडलेली होती आणि फटीत एक डोळा होता. मला ते पान समोर ठेवून डबा खाववेना. मावशी मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ खोडरबर फिरवत राहिल्या.

नोंद मी पाहिली होती. तिन्ही वेळा कार्ड एकच, नऊ वर्षांच्या एका मुलीचं. दर शनिवारी बाप तिला सोडायला यायचा. माणूस इतका अदबशीर की दार लावतानाही आवाज करायचा नाही. पोरगी रेघोट्या मारते, हे त्याच्या कानावर घालायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा गर्दीत राहून गेलं.

चौथ्या वेळी पान कोरं करकरीत आलं. मावशींनी खिडकीशी उभं राहून पाव तास शोधलं. पडद्यामागे नाही, कपाटात नाही, कुठेच नाही.

"अक्कल आली म्हणायची," मी म्हणालो.

"मग माझ्या अंगावर काटा का येतोय?" मावशी म्हणाल्या.

त्या शनिवारी बाप तिला सोडून, तासाभराने येतो म्हणून गेला. मावशींनी मुलीला मागच्या खोलीत बोलावलं. मी दारात उभा राहिलो.

"यात एक मुलगी होती," मावशींनी पान उघडलं. "कुठे गेली गं?"

"आता ती तुम्हाला सापडणार नाही." मुलगी हे जराशा अभिमानाने म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही दर वेळी तिला शोधून काढायचात. मग ती नाहीशी व्हायची. म्हणून मी तिला एकदम चांगली जागा दिलीय."

"अगं, मी तिला शोधत नव्हते. मी पान साफ करत होते."

मुलीला यात काही फरक दिसला नसावा. मावशींचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत त्यांनी काय काय पुसलं असेल, हा विचार माझ्याही मनात आला.

"आणि तू? तू घरी कुठे बसतेस?" मावशींनी विचारलं.

"सांगितलं तर तुम्ही पुसाल."

मावशींनी माझ्या खिशातलं शाईचं पेन काढून घेतलं. वाचनालयाच्या पुस्तकात शाई! त्यांनी चित्रातल्या टेबलाखाली एक चष्मेवाली, बेढब बाई काढली. चित्रकलेत त्यांना शून्यच मार्क पडले असते.

"ही मी. ही मलासुद्धा पुसता येणार नाही. मी इथेच बसून राहते. तुझ्या मुलीला वाटलं तर ती येईल."

मुलीने वाकून चित्राकडे पाहिलं. मग शाई वाळलीय का ते बोटाने तपासलं.

"तिथे नको, मावशी," ती हळूच म्हणाली. "तिथे बाबांचा हात पोचतो."

मावशींनी मान न वळवता मला फोनाकडे बोट दाखवलं. मुलांच्या मदतीचा नंबर तिथे भिंतीवर लावलेला होता. मी लावला, सांगितलं, बाप तासाभरात येईल, त्याआधी या. पलीकडच्या बाईंनी विचारलं, मूल आत्ता सुरक्षित आहे का. मी वळून मागच्या खोलीत पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. दुरुस्तीच्या टेबलाखाली मुलगी मावशींच्या पेन्सिलीने फरशीवर रेघ ओढून हात कुठवर येतो ते दाखवत होती. आणि साठीला टेकलेल्या, गुडघ्यांनी बेजार मावशी, ती सांगेल तशा इंच इंच मागे सरकत होत्या.