गुरुपुष्यावर बनलेली पेटी

"नवीन फाइल जुन्या फाइलपेक्षा जुनी कशी असेल? मला खुळा समजतोस का?"

शेठजी असे ओरडत होते, की जळगावच्या सराफ बाजारातले तराजू आपापली पारडी धरून बसले असतील.

मी म्हणालो, "शेठजी, मी नाही म्हणत. संगणक म्हणतोय."

"मग त्याला समजाव."

शेठजींचं पाइपांचं दुकान. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि त्यांच्या मनात आलं, की केळीच्या बागेत पाण्याचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी पेटी बनवावी. दुकानामागच्या खोलीत एक मोठा संगणक होता. त्यावर लिनक्समध्ये प्रोग्राम बांधायचा आणि पेटीतल्या तळहाताएवढ्या सर्किटच्या पाटीवर चढवायचा. त्याआधी लायब्ररी बांधावी लागायची. लायब्ररी म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कामांचं गाठोडं. नेमकं ते गाठोडंच बांधलं जात नव्हतं.

संध्याकाळी रावेरचे केळीबागायतदार नाना पहिली पेटी न्यायला येणार होते. पेटी चालली नाही, तर मागच्या खोलीला कुलूप आणि मला धुळ्याची गाडी. धुळ्याला माझ्या वडिलांची, आबांची, मिरची कांडायची गिरणी. तिथे दिवसभर उभा राहिलेला माणूस रात्री झोपेतही शिंकतो. आमच्या एका शिंकेने समोरच्या न्हाव्याचा आरसा तडकला होता. मला परत जायचं नव्हतं.

मी सगळ्यांवर संशय घेतला. लायब्ररीवर घेतला, ज्या मासिकाच्या सीडीवरून लिनक्स चढवलं होतं त्या मासिकावर घेतला. वीज जवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रातली, म्हणजे घरचीच, तरी तिलाही सोडलं नाही. दर वेळी पडद्यावर तेच: नुकतीच तयार केलेली फाइल आधीच्या फायलींपेक्षा जुनी आहे, भोवतालची परिस्थिती ठिकाणावर नाही. दुसऱ्या वाक्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण पहिलं? पोरगं बापाच्या आधी जन्मलं, असं यंत्र शांतपणे सांगत होतं, आणि मी त्या पोराची कुंडली शोधत बसलो होतो.

माझा जोडीदार शिरपूरकडचा, वयाने मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. तो केळीचे वेफर्स खात बसला होता. काहीही विचारलं की म्हणायचा, "बठ्ठं बरोबर शे." म्हणजे सगळं बरोबर आहे.

शेवटी कंटाळून मी पडद्यावरची तारीख पाहिली. गुरुवार. माझा गुरुवारचा उपास असतो, आणि सकाळी तर मी तर्रीसकट मिसळ हाणलेली. मी घाबरून तोंड धुऊन आलो. तरी गुरुवारच.

"भाऊ, आज वार कोणता?"

"बाहेर सोमवार. आत गुरुवार."

"आत म्हणजे?"

"संगणकात. शेठजींनी सकाळी त्याचं घड्याळ मागे न्यायला लावलं. गुरुपुष्य गेला ना हातचा."

आता उलगडा झाला. गुरुपुष्याला जळगावात माणूस गुंजभर तरी सोनं घेतो, आणि शेठजींनी तर पेटी त्याच दिवशी पुरी करून देण्याचा शब्द नानांना दिला होता. पेटी सुरू झाली की आधी स्वतःची बांधणीची तारीख दाखवायची. आम्ही मात्र शुक्रवारी, शनिवारी फायली दुरुस्त करत होतो. घड्याळ गुरुवारी आणि फायली शनिवारच्या. संगणक बिचारा भविष्यातून आलेल्या फायलींकडे बघून चक्रावणार नाही तर काय?

"मला सांगायचंस ना."

"तू विचारलंस का?"

मी शेठजींकडे गेलो. घड्याळ सोमवारी आणू द्या, लगेच चालेल, म्हटलं. शेठजी थंड झाले, ते जास्त वाईट.

"सोमवारची पेटी नानांना देऊ? त्यापेक्षा तू धुळ्याला जा."

परत येऊन मी पडद्यापुढे बसलो. डोक्यात सोमवार आणि गुरुवार एकमेकांना ढुशा देत होते. घड्याळ पुढे येत नसेल, तर बाकीचं जग मागे न्यावं. एक आज्ञा दिली आणि झाडून सगळ्या फायलींच्या तारखा बुधवारी नेऊन बसवल्या. मग बांधायला घेतलं. गाठोडं मुकाट्याने बांधलं गेलं. मी ते इतका वेळ पाहत राहिलो, की भाऊने माझ्या तोंडापुढे वेफर धरला.

संध्याकाळी नाना आले. बादलीत पाइप सोडला, पेटी लावली. पेटीच्या छोट्या पडद्यावर गुरुपुष्याची तारीख उमटली, व्हॉल्व्ह खट्‌कन उघडला आणि पाणी आलं. नानांनी पेटीला हात जोडले. शेठजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून दुसरी घे."

मी शेजारच्या एसटीडी बूथवर पळालो आणि धुळ्याला फोन लावला. घरात अहिराणी बोलणारे आबा फोनवर शुद्ध मराठी बोलत. फोन म्हणजे त्यांना सरकारी काम वाटे. मी एका दमात सांगितलं: पेटी चालली, नोकरी राहिली, आता मी गिरणीवर येत नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आबा म्हणाले, "बरं. गिरणीवर मी मागच्या महिन्यातच दुसरा माणूस ठेवला आहे."