ओढलेला हँडब्रेक

क्रांतीने क्लासमधली शिकवण्याची नोकरी सोडून शाळेच्या मुलांची व्हॅन घेतली, तेव्हापासून तिच्या आईचा, संघप्रियाबाईंचा जीव चाकांवरच. एम.ए. झालेल्या बाईंनी लेकीला कधी 'नको' म्हटलं नाही. फक्त ती परतेपर्यंत गॅलरीतून हलत नसत.

त्या रविवारी व्हॅन दारातच होती, तरी धास्ती दुप्पट. मागचे ब्रेक घासत होते. चाकाच्या थाळीला दोन्हीकडून आवळून धरणारा कॅलिपर क्रांती स्वतःच काढणार होती. पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड, मागे जॅक, आणि एकट्या जॅकचा भरवसा नको म्हणून लोखंडी स्टँड.

"गाडी हलंल गं."

"दगड लावलेत की. तू आत जा, मी करतो."

बोल्ट निघाले, पण कॅलिपर जागचा हलेना. क्रांतीच्या प्रत्येक ठोक्याला गाडी थरथरे आणि बाई वाकून दगड बघत.

समोरच्या धोंडुबाई कठड्यावरून ओरडल्या, "क्रांते, म्हशीचा दात उपटतीस व्हय?"

"लई हट्टी हाय, मावशी. आमच्या आईगत!"

बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात क्रांतीचा हात थबकला. "आई, मी हँडब्रेक सोडून ठेवलावता. तू हात लावलास?"

"तू पाना आणायला गेलतीस तवा... दारातनंच ओढला. दोन्ही हातांनी."

"अगं, त्यानंच मागची चाकं धरून ठेवलीत! मगापासनं मी तुझ्याशीच कुस्ती खेळतोय!" क्रांती उठून गाडीपासून लांब उभी राहिली. "सोड आता. तूच सोड. आत चढू नको."

बाईंनी आधी चारही दगड पायाने दाबून पाहिले. मग दारातून हात घातला, डोळे मिटले आणि ब्रेक सोडला.

गाडी तसूभरही हलली नाही.

क्रांतीने पुन्हा हात घातला, तर कॅलिपर सुटून अलगद हातात आला. "आई, दोरी बघ. ब्रेकच्या तेलाच्या पाइपवर लोंबकळला तर पाइप जाईल." बाईंनी धावत जाऊन नव्या परकराची नाडीच ओढून आणली. दोघींनी मिळून तो वर बांधला.

दुसऱ्या बाजूचं चाक निघालं, तेव्हा बाई पायरीवर मेथी निवडत होत्या. दगडांकडे नजर जात होतीच. पण आता जुडी संपली की एकदा.