चाचांचा गंधार

मी भिंतीवर लाटणं आपटलं ते भांडायला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं गावानं त्याची गोड गोष्ट करून ठेवली. बाईंनी साथ दिली म्हणे! कसली साथ? डोकं उठलं होतं माझं.

येडशीच्या शाळेत बदली होऊन आले, त्याला तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते. लग्न मोडलेली, पस्तिशीची, एकटी बाई. खोली द्यायला लोक का-कू करायचे. शेवटी स्टेशनच्या वाटेवर दोन खोल्या मिळाल्या. एक भिंत सामाईक, आणि भिंतीपलीकडं एक म्हातारे मुसलमान गृहस्थ एकटेच राहायचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. घरमालक म्हणाला, "चाचा लई साधा माणूस हाय. भजनाच्या पेट्या दुरुस्त करतो. तुमाला काय बी तरास न्हाय."

तरास न्हाय! पहिल्याच संध्याकाळी पोळ्या लाटत होते आणि पलीकडं धडधड सुरू झाली. खालच्या सुरांत एकच चाल, पुन्हा पुन्हा, थांबायचं नाव नाही, आणि तिच्यावर वरचे सूर नुसते उड्या मारत होते. मी भजनी घरात वाढलेली. पेटी ही माझ्या लेखी सभ्य वस्तू. तिच्यातून असलं काही निघतं हेच मला माहीत नव्हतं. चार-पाच दिवस सोसलं. मग एका संध्याकाळी हातातलं लाटणं भिंतीवर तीनदा आपटलं. पलीकडं धडधड थांबली. मग खालच्या सुरांत तीन ठोके आले, अगदी माझ्यासारखेच, आणि धडधड दुप्पट जोरानं सुरू झाली. मी आणखी आपटलं. तिकडून आणखी उत्तर. अगं बाई, म्हटलं, हा माणूस माझ्या रागावर ठेका धरतोय! आणि मला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी हसले असेन.

दुसऱ्या दिवशी चाचा रुमालात चार सीताफळं घेऊन दारात उभे. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, खिशाला कानस आणि ब्लेडची पुडी. म्हणाले, "बाई, तुमचा हात लई पक्का हाय. पन दुसऱ्या ठोक्याला जरा लवकर येता."

त्या चाचांची गोष्ट अशी. तरुणपणी ते मुंबईला गेले आणि तिथल्या एका मोठ्या हॉटेलात बावीस वर्षं पियानो वाजवला. साहेबलोकांच्या नाचासाठी. त्यांचे उस्ताद गोव्याचे होते, त्यांनीच हे बुगीवुगी नावाचं प्रकरण शिकवलं. पुढं हॉटेलानं वाजवणारे काढून टाकले आणि चाचा येडशीला वडिलांच्या घरी परत आले. इथं कुठला पियानो? बंद पडलेल्या एका नाटक कंपनीची पायपेटी त्यांना मिळाली. पायानं भाता हलवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. बुगीवुगीला दोन्ही हात लागतात. चाचा सांगायचे, "डावा हात गाडी हाकतो, बाई. उजवा नुसता खिडकीत बसून मजा बघतो." तेव्हा येडशीला अजून छोटी रेल्वे होती. तिच्या चालीत आणि चाचांच्या डाव्या हातात फरक नव्हता, म्हणून गावातली माणसं त्या वाजवण्याला सरळ आगगाडी म्हणायची. "चाचा, सोडा की गाडी!" असं ओट्यावरून कुणीही ओरडायचं, आणि चाचा सोडायचे.

एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ती पायपेटी बैलगाडीतून आणवली. आमचे हेडमास्तर म्हणजे कडक इस्त्री. पोरं नाचायला लागली तसे ते उठून ओरडणार, एवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पायाकडं गेलं. बूट ठेका धरत होता. मी चाचांना खूण केली, त्यांनी मान न वळवताच वेग वाढवला. हेडमास्तर पुन्हा खाली बसले.

दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळी असं चाललं. मी शाळेतून यायची, चहा ठेवायची, पलीकडं गाडी सुटायची. मी लाटण्यानं तीन ठोके दिले म्हणजे चहा झालाय, या. दोन म्हणजे आज डोकं दुखतंय, हळू वाजवा. एकमेकांच्या घरात आम्ही फार बसलो नाही. गावात एकटी बाई आणि एकटा बाप्या, लोकांना काय, तेवढंच हवं असतं. आमचं सगळं भिंतीतून. पण त्या भिंतीच्या जोरावर मी इथं राहिले, हे आज कबूल करते. तेव्हा त्यांना कधी सांगितलं नाही.

एकच गोष्ट मला खटकायची. त्या पायपेटीतला मधल्या सप्तकातला गंधार बेसूर होता. शुद्धही नाही, कोमलही नाही, मध्येच कुठंतरी लोंबकळणारा. चाचा नेमके त्याच्यावर जाऊन रेंगाळायचे आणि माझ्या कानात कुसळ गेल्यासारखं व्हायचं. मी मनाशी ठरवूनच टाकलं की, हा माणूस येरमाळ्यापासून कळंबपर्यंत साऱ्या भजनी मंडळांच्या पेट्या जुळवतो, स्वतःच्या पेटीकडं बघायला याला वेळ नाही. आणि आता तर नजरही गेलीय.

नजर खरंच गेली होती. छोटी रेल्वे बंद झाली त्याच्या पुढच्या वर्षी चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला गेले. घराची किल्ली माझ्याकडं, कोंबड्यांना दाणे टाकायला. त्याच आठवड्यात देवळातली पेटी बघायला कळंबचा एक कारागीर आला होता. माझ्या डोक्यात आलं, चाचा परत येतील तेव्हा त्यांना पेटी नीट मिळू दे. मी त्याला चाचांच्या घरी नेलं आणि तो गंधार दाखवला. त्यानं पेटी उघडली, आतली त्या सुराची पितळेची पत्ती बघितली आणि म्हणाला, "बुडाशी लई घासलीय हो कुणीतरी." मी म्हटलं, "म्हणूनच तर." त्यानं पत्ती टोकाकडं घासली आणि सूर चढवून बरोबर शुद्धावर आणला. मी वाजवून पाहिलं. स्वच्छ, सरळ. मी स्वतःवरच खूश झाले.

चाचा आले. संध्याकाळी बसले. मी लाटणं हातात घेऊन भिंतीशी उभी. गाडी सुटली, उजवा हात गंधारावर आला आणि थांबला. पुन्हा सुरू झाली, पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदाही तसंच. मग माझ्या दारावर टकटक झाली.

"बाई, पेटीला कुनी हात लावला?"

"मीच जुळवून घेतली," मी ताठ मानेनं सांगितलं. "तुमचा तो गंधार केव्हाचा बिघडला होता, चाचा."

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "लई तकलीफ घेतली." आणि गेले.

आठ दिवस पेटी वाजली नाही. नवव्या दिवशी मी तरातरा गेले. "रुसलात का? रुसायचं तर तोंडावर रुसा!" तेव्हा कुठं बोलले. "तो सूर पियानोत न्हाय, बाई. दोन पट्ट्यांच्या मधी हाय. माजे उस्ताद दोन पट्ट्या एकदम दाबायचे आनि म्हनायचे, ह्यांच्या मधी कुठंतरी हाय तो, पन आपल्याला घावनार न्हाय. बावीस साल म्या बी तसंच दाबलं. मग इथं आल्यावर ध्यानात आलं की पियानोची तार तशी ठेवू देत न्हाईत, पन पेटीची पत्ती तर माज्या हातात हाय. घासत बसलो. दोन पावसाळे गेले. मग घावला."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावं असं वाटलं मला. ह्या माणसानं सबंध आयुष्यात एक सूर शोधला, आणि मी शहाणी, दहा मिनिटांत तो दुरुस्त करून ठेवला.

"मग पुन्हा घासा ना," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यांकडं बोट दाखवलं. ऑपरेशन झालं तरी नजर म्हणावी तशी आली नव्हती. थोरला मुलगा येत्या रविवारी हैदराबादला न्यायला येणार होता, कायमचं. पायपेटी त्याच्या अरुंद जिन्यातून वर जाणार नव्हती. "जायच्या आदी एकदा नीट वाजवून जायचं व्हतं," चाचा म्हणाले. "आता ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या कसं? मी घासते!"

बुधवार ते शनिवार, शाळा सुटली की मी त्यांच्या घरी. लोक काय म्हणतील ते म्हणोत, दार सताड उघडं ठेवलं. ते सांगायचे, मी करायची. पत्ती बुडाशी घासली की सूर उतरतो. पण ही पत्ती बुडाशी आधीच कागदासारखी झालेली. "हळू, बाई. जास्त झालं की तुटती." ब्लेड एकदा फिरवायचं, पत्ती बसवायची, वाजवायची, पुन्हा काढायची. माझा हात घामानं निसटायचा. ती तुटली तर काय, ह्या विचारानं मी दोन रात्री नीट झोपले नाही. माझ्या हातून दुसऱ्यांदा तेच झालं असतं, आणि या खेपेला कायमचं.

शनिवारी दिवस कलताना मी ब्लेड उचललं तेव्हा चाचांनी पत्ती मागितली. बुडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा, दोनदा. मग मला परत दिली. "बसवा." मी बसवली. त्यांनी गंधार दाबला, डोळे मिटून बराच वेळ ऐकला.

"हाच," म्हणाले. "बस करा, बाई. हाच तो."

मी रडले. हो, रडले, त्यात लपवायचं काय? आणि मग चाचांनी गाडी सोडली! गल्ली गोळा झाली. पत्र्यावरची वानरं पळाली. मी घरून लाटणं आणून त्यांच्याच चौकटीवर ठेका धरला, आणि ते हसत ओरडले, "दुसरा ठोका लवकर आला, बाई!" रविवारी ते गेले. पेटी माझ्याकडं आली.

अधूनमधून फोन यायचा. "सूर कसा हाय?" "हाय तसाच, चाचा." मग त्यांच्या मुलाचा फोन आला, चाचा वारल्याचा, तोही वीस दिवसांनी. मी त्याच्यावर भडकले, तेव्हाच का नाही कळवलं म्हणून. नंतर वाटलं, त्यानं का कळवावं? मी कोण होते त्यांची? शेजारीण.

आता मी रिटायर आहे. पलीकडच्या घराला कुलूप आहे. नवी मोठी रेल्वे जाते, तिला ती चाल नाही. लातूरची बहीण म्हणते इकडं ये, एकटी काय करतेस. मी म्हणते, बघू. दिवसभर घरात एक शब्द बोलायला कुणी नसतं, म्हणून कधी भाजीवाल्याशीच भांडण उकरून काढते.

गेल्या महिन्यात ट्रंक आवरताना एक कॅसेट सापडली. शाळेच्या समूहगीताची चाल पोरांना ऐकवायला मी ती घरी भरली होती. स्टँडवरच्या मोबाईलच्या दुकानातल्या माणसानं हसत हसत माझा टेप दुरुस्त करून दिला. कॅसेट लावली. माझा तरुण आवाज, आणि मागं भिंतीतून चाचांची आगगाडी. आणि तो गंधार. मी हात लावायच्या आधीचा.

मी उठून पायपेटीवर बसले आणि माझा घासलेला गंधार दाबला. तो नव्हता. टेपचा वेग कमीजास्त असेल म्हणून आजूबाजूच्या सुरांशी लावून पाहिला, कॅसेट मागं नेऊन दहादा पाहिला. नव्हताच. चाचांचा कितीतरी खाली होता. माझा जेमतेम अर्ध्या वाटेवर आलेला. हे मला कळतंय, तर त्यांना पहिल्या दाबालाच कळलं असणार. पण त्यांच्या नखाला कळलं होतं की ब्लेड आणखी एकदा फिरलं तर पत्ती माझ्या हातात तुटेल, आणि मी जन्मभर ती तुटकी पत्ती घेऊन बसेन. आपला सूर सोडला त्यांनी. म्हणाले, हाच. आणि असं वाजवलं की सगळ्या गल्लीला, मलासुद्धा, खरं वाटलं.

ब्लेड अजून चाचांच्या त्याच पुडीत आहे. सोलापूरहून नवी पत्ती आणवता येईल, नमुन्याला कॅसेट आहे, हातही अजून स्थिर आहे. पण मी घासणार नाही. माझ्यासाठी एवढं खोटं बोलणारं माणूस पुन्हा भेटायचं नाही.

संध्याकाळी कॅसेट लावते. गाणं अर्ध्यावर येतं आणि माझाच चिडका आवाज येतो, "चाचा, जरा थांबा की! भरतेय मी!" भिंतीतून लांबून उत्तर येतं, "व्हय बाई, थांबलो!" आणि पेटी थांबते. मग फक्त मी गाते, शेवटपर्यंत, आणि खटकन टेप बंद करते. त्यानंतर त्यांनी पुन्हा गाडी सोडली होती, मला पक्कं आठवतं. पण ते कॅसेटवर नाही.