पाचवं शील

किशोरीने गंगाराम कदमांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिचा नवरा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला. पांढरा सदरा, नखांत सिमेंट. एरवी ते चिऱ्याचं गवंडीकाम करत. लग्न-मरण आलं की वाडीचे बौद्धाचार्य. सासऱ्यांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं, "काविळीन गेलो म्हणा." गंगाराम उभे राहिले आणि म्हणाले, "आमचो बाबू दारूनं गेलो. माणूस बरो होतो."

किशोरीला भयंकर राग आला. पुढे कितीतरी वर्षं ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

आणि आता तिच्या एकुलत्या लेकीचं, समीक्षाचं लग्न लावायला तेच बसले होते. धामापूरचा विहार माणसांनी भरला होता, मागे जेवण शिजत होतं. आचऱ्याचं वऱ्हाड उशिरा पोचलं. नवरामुलगा चंदन जवळून गेला आणि किशोरीला दारूचा वास आला. तो वास तिच्या संसारभर ओळखीचा होता. मित्रांनी पाजली असेल, एखादा दिवस, तिने स्वतःला समजावलं. एवढं लग्न पार पडू दे.

पंचशील सुरू झालं. गंगाराम म्हणत, नवरा-नवरी मागून म्हणत. जीव घेणार नाही. न दिलेलं उचलणार नाही. व्यभिचार करणार नाही. खोटं बोलणार नाही. पाचवं दारूचं. तिथे गंगाराम थांबले.

"काय झाला? म्हणा की फुडे," चंदनचा मामा म्हणाला.

"पाचवा त्यानं आपणाहून म्हणूचा. माझ्यामागून नको."

चंदन सतरंजीकडे बघत राहिला.

"एक घोट पोटात गेलो तर काय झाला?" मामा उसळला. "भटजी सोडले, आता तूच भटजी झालंस? मुहूर्त चुकता काय तुझो?" मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मुहूर्त आपल्यात नाय, म्हणान तर थांबूक जमता," गंगाराम शांतपणे म्हणाले. "बुद्धान कोणाक हुकूम केल्यान नाय. समादियामि म्हणजे माझा मी स्वीकारतंय. खोटा बोलूचंय नाय म्हणान आत्ताच म्हटल्यान. लगेच खोटा कसा बोलतलो?"

"विहीणबाई, तुमीच सांगा ह्यांका!"

सगळा विहार किशोरीकडे वळला. पांढऱ्या साडीतली समीक्षाही.

"चंदन," तिने विचारलं, "रोज घेतंस?"

"रोज खंय गो—" मामा मधेच बोलला.

"मामा, तू गप." चंदनने मान वर केली. "रोज."

मग किशोरी लेकीजवळ गेली. "उठ गो, समीक्षा."

समीक्षाने हार काढून चंदनच्या हातात दिला. मामाच्या शिव्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या. वऱ्हाड उपाशी परतलं.

गंगाराम अजूनही चिरे बसवायला जातात. लग्नासाठी लोक आता मसुऱ्याहून दुसऱ्या बौद्धाचार्यांना आणतात. गंगारामांना यंदाच्या मोसमात एकाही लग्नाचं बोलावणं आलेलं नाही.