देवासला न चाललेलं तिकीट

मी धार सोडलं त्या सकाळी बैलगाडी आमच्या दाराशी घटकाभर उभी होती आणि तात्या, म्हणजे माझे वडील, काही बाहेर आले नाहीत. आत बसून कुणा सरदाराची पगडी बांधत होते. आमचा धंदाच तो. धारचे राजे पवार, त्यांच्या मागोमाग आमचे पूर्वज दक्षिणेतून माळव्यात आले ते पगडबंद म्हणूनच. गाडीवान दोनदा ओरडला, "भिया, चालनो हे के नी?" मी उंबऱ्यातून म्हटलं, "तात्या, जातो." आतून आवाज आला, "जातो नाही, येतो म्हणावं." बस्स. पडदा हलला नाही की काही नाही. मीही मग 'येतो' म्हटलं नाही. गाडीत चढलो.

आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. देवासच्या मराठी शाळेत मला मास्तरकी मिळाली होती, आणि तात्यांच्या मनात मी त्यांच्या गादीवर बसावं असं होतं. वीस वर्षांचा होतो, जिभेला हाड कुठलं असायला? मी म्हणालो, "जन्मभर दुसऱ्यांची डोकी सजवत बसायची मला हौस नाही." तात्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. "बरं," म्हणाले. माझ्या आयुष्यात मला लोकांनी काय काय म्हटलंय, पण त्या 'बरं'इतकं काही लागलेलं नाही.

माझ्यासारखे धार सोडून इंदूर, उज्जैन, मुंबईकडे गेलेले बरेच आहेत, आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून मागं राहिलेले त्याहून जास्त आहेत. हे दोघांनीही वाचावं असं मला वाटतं. गेलेल्यांनी जरा जास्तच.

देवास म्हणजे अजब गाव हो! एका गावात दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. एका रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. पहिले सहा महिने मी वाटेल त्याला वाटेल त्या राजाची प्रजा समजत होतो, आणि लोक हसत होते. हळूहळू सरावलो. पायजमा-कोट आला, चहा आला, बोलण्यात 'अपन' आणि 'चलेगा' आलं. टेकडीवरच्या देवीला मंगळवारी जायला लागलो. मुलं 'मास्तर, मास्तर' करायची, आणि मला वाटायचं, आपण फार मोठे झालो.

अशात एकदा, दुपारची सुट्टी होती, पोस्टमन शाळेत आला. आम्ही चौघे-पाच मास्तर ओटीवर बसलेले. तो म्हणाला, "बैरंग आहे मास्तर, तिकीट चालत नाही, पैसे दुप्पट पडतील." पाकीट माझ्या हातात दिलं. वर तात्यांचं मोडी अक्षर, वळणावरूनच ओळखलं. आणि कोपऱ्यात धार संस्थानचं तिकीट. तुम्ही पाहिलं असेल ते. राणीचा मुखडा नाही, काही नाही; गुलाबी कागदावर नुसती काळी अक्षरं, भोवती वेलबुट्टीची चौकट, आणि वर लंबगोल शिक्का. आता हे तिकीट चालायचं फक्त धार संस्थानाच्या हद्दीत. देवासला पत्र टाकायचं तर इंग्रजी तिकीट लावायला हवं. शाळेतल्या पोरालाही ते माहीत होतं. तात्यांना नव्हतं.

शेजारच्या मास्तरांनी मान पुढं करून तिकीट बघितलं आणि म्हणाले, "काय धारकर, वेशीबाहेरही दुनिया आहे, हे तुमच्या घरी अजून कुणी सांगितलं नाही वाटतं?" सगळे फिदीफिदी हसले. माझे कान तापले. मी पाकीट पोस्टमनच्या हातात कोंबलं आणि म्हणालो, "मला नको. परत पाठवा."

दुप्पट पैसे माझ्या खिशात होते. तो प्रश्नच नव्हता. मला माझ्या बापाची लाज वाटली, ही खरी गोष्ट आहे. ती इथं लिहिलीच पाहिजे.

वाटलं, तात्या दुसरं पत्र पाठवतील. नाही आलं. मग मला राग आला, की एवढा कसला ताठा? मीही नाही लिहिलं. आम्ही बाप-लेक एकाच मातीचे, दोघंही गाढवासारखे आपापल्या जागी पाय रोवून. दोन वर्षं गेली. मग प्लेग आला आणि तात्या गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. पुढं लग्न झालं, मुलं झाली, शाळेत बढती मिळाली. पण पोस्टमन दिसला की ते पाकीट आठवायचं. त्या पाकिटात काय होतं? शिव्या होत्या? 'तू माझा मुलगा नाहीस' असं होतं? की पैसे मागितले होते, औषध मागितलं होतं? बारा वर्षं मी हाच एक प्रश्न चघळत होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

यंदा दिवाळीला धारला गेलो ते अक्काकडे. अक्का माझी थोरली बहीण, आधी धार संस्थानातल्याच धरमपुरीला दिलेली, आता मेहुण्यांच्या कामामुळे धारमध्येच असते. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अरे गणू, अजायबघरात तिकिटांचं प्रदर्शन लागलंय. सगळं गाव देखून आलं, अपन राहिलो." मी म्हटलं, "तिकिटं काय बघायची?" तर म्हणाली, "तू मास्तर ना? चल मुकाट्यानं." अक्कापुढं माझी मास्तरकी चालत नाही.

संग्रहालयाच्या मागच्या दालनात काचेच्या पेट्या मांडल्या होत्या. महूच्या छावणीतल्या कुणा डॉक्टर साहेबानं आपला संग्रह महिनाभर उसना दिलेला. देखरेखीला एक म्हातारे पंडितजी, कमरेला किल्ल्या. खरं सांगतो, मला मजा वाटायला लागली. तिकिटांवरून दरबारांचे स्वभाव कळतात! ग्वाल्हेरनं इंग्रजांचंच तिकीट घेऊन राणीच्या मुखड्यावर आपलं नाव छापलेलं, म्हणजे मानही राखला आणि आपलंही घोडं दामटलं. होळकरांनी सरळ आपल्या महाराजांची छबी टाकलेली. भोपाळच्या बेगमांचं तिकीट नाजूक, भोवती उर्दू अक्षरं, मधे कागद उठवून काढलेला शिक्का. अक्का त्या पेटीपाशी रेंगाळली. "बाईचं राज्य रे बाबा," म्हणाली, "तिकीटसुद्धा कसं रांगोळीसारखं." मी म्हटलं, "आणि आमच्या देवासचं?" पंडितजी हसले. देवासचं तिकीटच नव्हतं. "दो राजा, एक टिकट, कणका मूंडा की छापता?" म्हणजे, तोंड कुणाचं छापायचं? अक्काला हे इतकं आवडलं की ती तिथंच पदर तोंडाला लावून हसत बसली.

शेवटची पेटी धारची. संस्थानचं पोस्ट बंद होऊन दहा वर्षं झालेली, तिकिटं आता नुसती बघायला उरलेली. लाल, नारिंगी, गुलाबी, हिरवी, पिवळी. जुनी माणसं तिथं थांबून एकमेकांना दाखवत होती, ह्या हिरव्यावर अमक्याच्या लग्नाची चिठ्ठी आली होती, आणि ह्या पिवळ्यावर तमक्याची सनद. आणि मधोमध, एकटंच, एक न उघडलेलं पाकीट. खाली चिठ्ठी लावलेली: 'संस्थानाबाहेरच्या पत्रास चुकीने लावलेले तिकीट. स्वीकारले न गेलेले. दुर्मीळ.'

अक्षर ओळखायला मला क्षणसुद्धा लागला नाही. पत्ता मोडीत होता. गणेश, मुक्काम देवास, धाकटी पाती, मराठी शाळा. मी काचेला हात लावला तसे पंडितजी म्हणाले, "कांच के हाथ मत लगाजो, भिया." अक्कानं माझ्याकडं बघितलं, पाकिटाकडं बघितलं, आणि माझा हात काचेवरून खाली घेतला.

"हे आलं होतं परत," ती म्हणाली. "मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. पोस्टमन म्हणाला, पत्र घ्यायचं तर पैसे भरा. तात्या भडकले. म्हणाले, महाराजांचं तिकीट लावलंय, दुसऱ्यांदा का देऊ? धरमपुरीला ह्याच तिकिटावर पत्र जातं, मग देवासला का नाही? देवासचे पवार आणि धारचे पवार एका घरचे. भावाभावांत तिकीट चालणार नाही, असं कसं होईल?"

मला हसूही आलं आणि रडूही. बघा, किती सरळ होतं! तात्यांच्या लेखी राज्यं वेगळी झाली तरी भाऊबंदकी एकच होती, आणि भावाच्या घरी जायला कुणी जकात भरतं का? मी तिकडं ज्याच्यावरून खाली मान घातली, तो त्यांचा अडाणीपणा नव्हता, भरवसा होता.

"मग?" मी विचारलं.

"मग पोस्टमन म्हणाला, तिकिटाचं राहू द्या, तुमच्या मुलानंच घेतलं नाही. त्यावर तात्या म्हणाले, त्याचं पत्र आहे, त्यानं नाही घेतलं तर मी कोण घेणार? आणि आत गेले."

"एवढी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" अक्का म्हणाली. खरं होतं.

"आत काय लिहिलं होतं?"

"ते मलाही नाही सांगितलं."

पोस्टातून ते त्या डॉक्टर साहेबापर्यंत कसं पोचलं, देव जाणे. पंडितजी आमचं बोलणं ऐकत होते. "या मोडी म्हारे नी आवे," ते म्हणाले, "कई लिख्यो हे?" मी पत्ता वाचून दाखवला. "और यो गणेश कुण?" मी छातीवर हात ठेवला. पंडितजींना साहेब बजावून गेला होता की बंद पाकिटालाच किंमत आहे, उघडलं की गेली. म्हाताऱ्याची नोकरी होती. मी काही मागितलं नाही. कुठल्या तोंडानं मागणार? पण त्यांनी कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. "जिका नाम की चिट्ठी, ऊकी चिट्ठी," म्हणाले. "साहेब से हूं निपट लूंगा."

बारा वर्षांनी तेच पाकीट हातात आलं. मी ते फोडलं. अक्का म्हणाली, "वाच ना रे! जोरात वाच." मी वाचलं.

'चिरंजीव गणेश यास तात्याचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. विशेष. तू निघालास ते समयी मी बाहेर आलो नाही, हे मनास लागून राहिले आहे. मागाहून कोपऱ्यापर्यंत आलो होतो. गाडी दिसली नाही. असो. मास्तर झालास, चांगले झाले. मुलांपुढे उघड्या डोक्याने बसू नये. तुजसाठी एक पगडी बांधावयास घेतली आहे, लाल. परंतु तुझ्या डोक्याचे माप मजपाशी आहे ते तू दहा वर्षांचा होतास तेव्हाचे, आता उपयोगाचे नाही. तरी दोऱ्याने माप घेऊन पत्रात घालून पाठवावे. दोरा ओढून धरू नये. त्यावाचून काम अडले आहे. बहुत काय लिहिणे.'

मी रडलो. लोकांसमोर, भोकाड पसरून. त्यात लपवायचं काय?

अक्का डोळे पुसत म्हणाली, "ठोकळ्यावर होती रे एक लाल पगडी. अर्धीच. दोन वर्षं तशीच होती. आम्हाला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाची राहिली. तात्या गेल्यावर घरातला सगळा माल विकला, त्यात तीही गेली."

मग तिनं पदराच्या काठातला एक दोरा दातांनी तोडला. "बस खाली," म्हणाली. मी बत्तीस वर्षांचा घोडा, चार पोरांचा बाप, त्या दालनात फरशीवर मांडी घालून बसलो. लोक बघत होते. बघू देत. अक्कानं दोरा कपाळावरून, कानांच्या वरून मागं नेला. "ओढू नकोस," मी म्हटलं. "मला अक्कल शिकवू नकोस," ती म्हणाली. जिथं टोकं जुळली तिथं गाठ मारली, दोऱ्याची घडी केली आणि पत्रासकट पाकिटात घातली. पाकीट मी पंडितजींना परत दिलं. घेऊन जा म्हणाले, मी नाही म्हटलं. तात्यांनी धारमध्ये मागितलं होतं, ते धारमध्येच द्यायचं होतं. पंडितजींनी पाकीट होतं त्या जागी ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं.

आमच्या जुन्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. मी दारावरून गेलो, आत डोकावलो नाही. मुंजसागर तळ्याच्या काठावर थोडा बसलो आणि परतीच्या वाटेला लागलो. संसार माझा देवासला, भाकरी देवासची, मुलांची बोली निम्मी हिंदी, आणि मरेन तेही बहुधा तिथंच. पण बायकोनं घरी आल्यावर विचारलं, धारमध्ये आता तुमचं काय राहिलंय? तेव्हा मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, माझं माप तिथं आहे.