व्याह्यांच्या बुटक्या गाड्या

अख्ख्या वऱ्हाडात घासाघीस न करता म्हातारा झालेला एकच माणूस असेल, आणि माझं नशीब बघा, नेमका तोच माझा व्याही निघाला. मी अकोल्यात जुन्या यंत्रांचा धंदा करतो. बंद पडलेल्या जिनिंगची यंत्रं, मोडीतले पंप, डिझेल इंजिनं घ्यायची आणि विकायची. हातगाडीपासून सुरुवात केली आणि आज स्वतःचं आवार आहे, ते जिभेच्या जोरावर. समोरचा भांडला नाही तर सौदा झाला असं मला वाटतच नाही. मुलीच्या लग्नाची बैठक माझ्या घरी होती आणि मी रात्रभर तालीम केली होती. मांडव कोणाचा, जेवणावळ कोणाकडे, वऱ्हाडाच्या गाड्या कोण करणार, कुठे चढायचं, कुठे उतरायचं, सगळं ठरलेलं. समोर अमरावतीचे वकील, म्हणजे सामना तोलामोलाचा. पण वकीलसाहेब प्रत्येक मुद्द्याला "बरं" म्हणाले. "निम्मं तुमचं, निम्मं आमचं. आन् देण्याघेण्याचं नावच काढू नका," एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. मी तापलेल्या तव्यासारखा तसाच राहिलो.

निघताना मात्र त्यांची नजर आवारातल्या एका गंजक्या सांगाड्यावर गेली. एका बंद पडलेल्या करमणुकीच्या बगिच्याच्या भंगारात तो माझ्याकडे आला होता. वकीलसाहेब त्याच्याजवळ उकिडवे बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इवाई, हे मले द्यान काय?" दोन्हीकडची माणसं बघत होती. मुलीच्या सासऱ्याला भर बैठकीत नाही म्हणायची सोय नसते. माझ्या थोरल्या भावाने तर उत्साहाच्या भरात व्याह्यांना शेला-टोपी केली आणि त्या सांगाड्यावर नारळ ठेवला. आठवड्याने व्याही पेढे घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की हा नग फार दुर्मीळ आहे, देशभरातले शौकीन त्याच्या शोधात आहेत. माझ्या आवारातून मी न भांडता गेलेली ती एकच वस्तू. ती जखम अजून ओली आहे.

व्याह्यांचा शौक जुन्या कार्ट गोळा करण्याचा, आणि तो सांगाडा एका कार्टचाच. कार्ट म्हणजे शर्यतीची बुटकी गाडी. चार चाकं, नळ्यांचा सांगाडा, पाठीमागे फवारणीच्या पंपाला शोभेल असं इंजिन. छत नाही, दार नाही, आणि बसणाऱ्याचं बूड जमिनीपासून चार बोटं वर. अशा दहा-बारा गाड्या त्यांनी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर विहीणबाईंचं एकेक जुनं लुगडं पांघरलेलं. शेडमध्ये चप्पल काढून जायचं. मोठ्याने बोलायचं नाही. इंजिन सुरू करायचं तर नावच नको, कारण आतला दट्ट्या मूळचा आहे. रंग मूळचा, म्हणून पुसायचा नाही. गंजही मूळचा, म्हणून खरवडायचा नाही. एका चाकातली हवासुद्धा मूळची आहे असं ते अभिमानाने सांगतात, आणि म्हणून ती आहे की गेली हे कोणाला दाबून पाहू देत नाहीत. जागोजागी "हात लावू नये" असं लिहिलेलं. एकदा माझा हात चुकून एका स्टिअरिंगवर पडला, तर कोर्टात हरकत घेतल्यासारखे ते उभे राहिले. मी म्हणालो, "अवो, पाटलाची पोरगी हाय काय हे?" ते शांतपणे म्हणाले, "पाटलाच्या पोरी लई असतात, इवाई."

या गाड्यांच्या शौकिनांचा एक संघही आहे. वर्षातून एकदा त्यांची सभा व्याह्यांच्या गच्चीवर भरते. सगळे साठीपुढचे, कोणी डॉक्टर, कोणी निवृत्त प्राध्यापक. सभेचा विषय दरवर्षी एकच: तरुणांना या छंदाकडे कसं वळवावं. त्या सभेला आजवर एकही तरुण आलेला नाही. मागे एकदा मी नुसता बसलो होतो, तर माझे केस त्यातल्या त्यात काळे म्हणून अध्यक्षांनी "आजच्या पिढीला काय वाटतं" असं मला विचारलं. मी कलप लावतो. सभा संपल्यावर फोटोसाठी एक डॉक्टर कार्टमध्ये बसले. बसले ते बसलेच, कारण गुडघे वर यायला तयार होईनात. दोघांनी बगलेत धरून त्यांना उपटून काढलं आणि तरुणांनी यायला हवं यावर पुन्हा सर्वांचं एकमत झालं.

व्याही स्वस्थ बसणारे नाहीत. त्यांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजात व्याख्यान ठरवलं. दोन तास ते इंजिनाला हवा कशी मिळते याचा इतिहास सांगत होते. शेवटी "काही शंका?" असं विचारल्यावर मागच्या बाकावरून एक हात वर झाला. व्याह्यांचे डोळे चमकले. पोरगा म्हणाला, "सर, याची हजेरी लागेल काय?" पडद्यावरची चित्रं दाखवायला मी अकोल्याहून गेलो होतो, कारण माझ्या जावयाने नकार दिला होता. वडिलांच्या गाड्यांच्या भानगडीत तो पडत नाही. त्याने एकदा जेवताना वडिलांना स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, मी काही हे सांभाळणार नाही. तुमच्यानंतर सासऱ्यांना फोन करीन, ते टेम्पो घेऊन येतील."

त्या दिवशी व्याह्यांचा मला फोन आला. नेहमीचा वकिली आवाज नव्हता. "इवाई, खरं सांगा. तुमी टेम्पो आणसान काय?"

मी पेटलो. "मी काय गिधाड हाय काय? तुमचा पोरगा ठेवत नाही, तुमचा संघ गुडघ्यात वाकत नाही, आन् वाईट मी?"

"तसं नाही. पन ह्या गाड्या वजनावर जातीन, हे मनातून जात नाही."

"जातीनच! अवो, माल गिऱ्हाईकाच्या हातात देल्याशिवाय खपते काय? तुमी लुगडं पांघरून ठेवता. पोट्ट्याइले खेळू द्या न!"

"ओरिजिनल रंग हाय, इवाई."

"मंग ठेवा रंग. टेम्पो मी धुऊन ठेवतो." फोन आपटला. जावयाचा बाप, म्हणून फक्त आपटला.

पण तीर लागला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं आपापले चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मैदानात आणतात, तोरणाखाली उभे करतात, आणि मग घरोघरी फिरून बोजारा मागतात, म्हणजे खाऊ आणि नाणी. यंदा व्याह्यांनी पाच गाड्यांना दोऱ्या बांधल्या, हार घातले आणि गल्लीतल्या पोरांना ओढायला दिल्या. अटी वकिली होत्या: दोरीलाच धरायचं, गाडीला नाही, बसायचं नाही, इंजिनाकडे बघायचंही नाही. आमची दोघांची सामाईक नात सगळ्यांत पुढे होती, आणि तिच्यासाठी मीही अमरावतीला आलो होतो.

व्याह्यांनी सगळ्या अटी पोरांना घातल्या, बायांना घालायच्या राहून गेल्या. वऱ्हाडातल्या बाईला चाकांवरचं, दोरी बांधलेलं आणि हार घातलेलं काही दिसलं की ती पूजा केल्याशिवाय सोडत नाही. शेजारच्या काकू ताट घेऊन आल्या. त्यांनी चारही चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं. मूळच्या रंगावर हळदकुंकवाची बोटं ओढली. बैलाच्या खांद्याला लावतात तसं तूप स्टिअरिंगला चोळलं. व्याही हात जोडून काकूंच्या मागे मागे फिरत होते. मग काकूंनी पुरणपोळीचा घास मोडला आणि चारही बाजूंनी पाहून विचारलं, "तोंड कोन्या अंगाले हाय वो याचं, वकीलसाहेब?"

नात म्हणाली, "काकू, हे इथून हवा घेते," आणि तिने इंजिनाचं गोल भोक दाखवलं. काकूंनी घास तिथे कोंबला. वर "खाय माय राजा" म्हणून बोटाने आत ढकलला.

व्याही मातीत बसून भोकात डोकावले. "इवाई, पुरण आत गेलं."

"काढा मंग. उद्यापर्यंत मुंग्या लागतीन."

मग ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला बोट लावू दिलं नव्हतं, तो ओरडला, "पोट्टेहो, पाना आना रे कोनी!" सायकलच्या दुकानातून पाना आला, पक्कड आली, कोणाच्या आईची हेअरपिन आली. पोरं गुळावरच्या माशांसारखी गाडीला चिकटली. एकजण स्क्रू धरून, एकजण नळी फुंकतोय, एकीने आतलं पुरण चाखून "गोड हाय अजून!" असं जाहीर केलं. व्याही मध्ये बसून हे काय, ते काय सांगत होते, आणि दोन तासांच्या व्याख्यानात जे कोणी ऐकलं नाही ते पोरं काळ्या हातांनी ऐकत होती. सगळं पुन्हा बसवल्यावर नातीने विचारलं, "आबा, सुरू होते काय हे?" मूळचा दट्ट्या. व्याह्यांनी मला माझ्या मोटरसायकलमधलं पेट्रोल काढायला लावलं. इंजिन खोकलं, करपलेल्या गुळाचा धूर सोडला आणि सुरू झालं. कोणी काही म्हणायच्या आत नात बसली, मैदान कापत गेली आणि तोरणाच्या खांबाला धडकली. पोरीला काही झालं नाही. गाडीचं नाक मात्र वाकलं. आता व्याही रडणार म्हणून मी रुमाल काढला, तर ते म्हणाले, "जोरात गेली न?"

आता दर रविवारी सकाळी त्या गाड्या मैदानात असतात. मूळचा रंग गेला, मूळची हवा गेली, एकीवर कुठल्याशा क्रिकेटवाल्याचं स्टिकर आहे. संघाने व्याह्यांना समज दिली, त्यांनी ती "बरं" म्हणून घेतली. जावई पेट्रोल आणायच्या निमित्ताने येतो आणि दोन फेऱ्या मारून जातो. माझा टेम्पो आता कोणी बोलवणार नाही.

गेल्या रविवारी मी अमरावतीला गेलो तेव्हा व्याही मैदानाच्या कडेला काठी टेकून उभे होते. हल्ली गुडघे त्यांचेही वाकत नाहीत, स्वतःला गाडीत बसता येत नाही. समोर पोरं ओरडत, एकमेकांना ढकलत फेऱ्या मारत होती. त्यांच्या लेखी ती एक खेळायची गाडी. ती कुठली, किती जुनी, जगात तशा किती उरल्या, यातलं एकही अक्षर त्यांना माहीत नाही.

"इवाई," व्याही म्हणाले, "त्याइले माहीतच नाही, आपन काय चालवून राहिलो ते."

"सांगा न मंग."

त्यांनी वळणावर वाकलेल्या नातीकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "सांगतलं तं उतरतीन."